छातीत काय बसवलंय, त्याचा कागद कुठाय?

शिक्रापुरात बाईनं स्वतःच्या छातीबद्दल मोकळेपणानं बोलावं अशा जागा दोनच. एक डॉक्टरचा पडदा आणि दुसरा माझ्या दुकानातला. डॉक्टरच्या पडद्याआड वेळ कमी, बाहेर नंबर लागलेले. त्यामुळे तिथं राहून गेलेलं बोलणं माझ्याकडे येतं. मी लेडीज टेलर. पाबल चौकातून जरा आत आलं की माझं दुकान. गिऱ्हाईक शिक्रापूर, तळेगाव ढमढेरे, सणसवाडी, जातेगाव असं चहूकडचं. गळ्यात टेप घातलेल्या बाईसमोर कुणी लाजत नाही. तिला सगळं दिसतंच, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

हल्ली एक प्रश्न वरचेवर कानावर येतो. "काकू, ते सिलिकॉनचं बसवतात ते कसं असतं हो? त्यानं पुढं काही होतं का?" विचारणाऱ्या दोन तऱ्हेच्या. एक, ज्यांची छाती कॅन्सरमुळे पुण्याच्या दवाखान्यात काढलीय किंवा काढायची ठरलीय. दुसऱ्या, सणसवाडी-रांजणगावच्या कंपन्यांत जाणाऱ्या तरण्या पोरी, ज्यांच्या मोबाईलवर 'हप्त्यानं भरा' अशा जाहिराती येतात. पहिलीला लोक बिचारी म्हणतात, दुसरीला थिल्लर. मला विचाराल तर दोघींचा प्रश्न एकच आहे, आणि त्याचं उत्तर द्यायचं काम टेलरवर यावं याची लाज टेलरला नाही, दुसऱ्या कुणाला तरी वाटायला हवी.

मी बारावी शिकलेली, वर आयटीआयचा शिवणाचा कोर्स. लेक डी. फार्म. करून मेडिकलमध्ये बसते. इंग्रजी कागद ती वाचते, अर्थ सांगते, मी उलटतपासणी घेते. पुढे जे लिहिलंय ते असं जमवलेलं आहे. डॉक्टरच्या सल्ल्याच्या जागी ते ठेवू नका; डॉक्टरला काय विचारायचं, एवढ्यासाठी ठेवा.

आधी मला जे दिसतं ते सांगते. एक बाजू काढलेल्या बाईचं ब्लाऊज नेहमीच्या मापानं बसतच नाही. एका बाजूला टक्स घ्यायचे, दुसरीकडे कापड सपाट सोडायचं, तर गळा त्या बाजूला ओघळतो आणि पदर दिवसभर खांद्यावरून सरकत राहतो. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला सूज येऊ शकते. मग एक बाही अर्धा इंच, कधी इंचभर सैल ठेवावी लागते आणि मुंढाही मोकळा. अस्तराला आतून खिसा शिवायचा आणि त्यात पॅड. सुरुवातीला मी नुसता कापूस भरायची. कापसाला वजन नाही, त्यामुळे ब्लाऊज त्या बाजूला वर चढायचं. मग बाजरीची छोटी पुरचुंडी घालून पाहिली. वजन छान जमलं, पण पावसाळ्यात बाजरीला जाळी धरली आणि बाई बिचारी कीर्तनातून उठून आली. आता सिलिकॉनचे बाहेरून लावायचे तयार पॅड मिळतात, सुती धाग्यानं विणलेलेही मिळतात, आणि विणलेले फुकट देणारे स्वयंसेवी गट मुंबईत आहेत. पुष्कळ बायांचं आयुष्य या एका खिशावर सुखानं चाललंय. कुठलंही ऑपरेशन नाही, भूल नाही, नंतरची तपासणी नाही.

हे आधी सांगितलं, कारण दवाखान्यात पर्याय सांगताना हा पर्याय बऱ्याचदा मोजलाच जात नाही.

तळेगावकडच्या एक गिऱ्हाईक आहेत. साठीला आलेल्या, कांद्याची काढणी स्वतः उभं राहून करून घेणाऱ्या. त्यांच्या मुलानं डॉक्टरला परस्पर सांगितलं होतं, आईला काही कमी वाटायला नको, जे भारीतलं असेल ते बसवा. बाई म्हणाल्या, "मला कुणी विचारलंच नाही बघ. मला शेतात जायचंय लवकर, एवढंच होतं." दुसरी एक, चाळिशीच्या आतली, सोसायटीच्या कार्यालयात नोकरीला. तिला मनापासून हवं होतं. सासू म्हणाली, आता कशाला नखरे, जीव वाचला ना? नवरा गप्प. तीही गप्प बसली. एकीला नको असताना लोकांनी हो म्हटलं, दुसरीला हवं असताना लोकांनी नाही म्हटलं. दोघींपैकी एकीलाही कुणी शेजारी बसवून, कागद पुढे ठेवून समजावलं नाही.

तर समजून घ्यायचं काय?

छाती काढल्यावर ती पुन्हा उभी करायची असेल तर ढोबळमानानं दोन रस्ते. एक, अंगातलंच मांस आणि चरबी वापरायची: पाठीचा स्नायू पुढे वळवून आणायचा किंवा पोटाखालची कातडी-चरबी वर आणून बसवायची. अंगातलं असल्यानं ते टिकतं, बाईच्या वजनाबरोबर वाढतं-घटतं. पण ऑपरेशन मोठं, पोटाचं तर सहा-आठ तासांचं असू शकतं, आणि जखमा दोन ठिकाणी. पोटाचा स्नायूही काढला असेल तर पोट अशक्त होतं, हर्निया होऊ शकतो. पाठीचा स्नायू घेतला तर जोर लावून ओढायच्या-उचलायच्या कामात फरक पडू शकतो. ज्या बाईला पाण्याचे हंडे आणि वैरणीचे भारे उचलायचेत, तिनं हे आधी विचारायला हवं. आणि आपल्याकडची एक गोष्ट बायका डॉक्टरला कधीच सांगत नाहीत, ती म्हणजे मशेरी. निकोटीननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि हलवून आणलेलं मांस जगतं तेच मुळी त्या बारीक वाहिन्यांवर. "तंबाखू खाता का?" असं विचारल्यावर आपली बाई सरळ नाही म्हणते. मशेरी तिच्या लेखी दात घासायची वस्तू. डॉक्टरांनी मशेरी असं नाव घेऊनच विचारावं, आणि बाईनं विचारायची वाट न पाहता सांगावं.

दुसरा रस्ता इम्प्लान्टचा. याची पिशवी कायम सिलिकॉनचीच असते. आत भरलेलं मात्र वेगळं. एकात सलाईन, म्हणजे मिठाचं पाणी, दुसऱ्यात सिलिकॉनचं जेल. सलाईनची पिशवी फुटली तर छाती चपटी होते, लगेच कळतं, पाणी अंगात जिरून जातं. पण हाताला ती तितकी नैसर्गिक लागत नाही आणि वर सुरकुत्या जाणवू शकतात. जेलची मऊ लागते, पण फुटली तर बऱ्याचदा कळतही नाही. वरून सगळं जागच्या जागी, आत पिशवीला चीर. म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाची, एफडीएची सूचना अशी की, जेलवाल्या बाईनं काही त्रास नसला तरी पाच-सहा वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करावा आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी करत राहावं. हा खर्च ऑपरेशनच्या अंदाजपत्रकात कुणी धरतं का? माझ्याकडे आलेल्या एकीनंही धरलेला नव्हता.

आता माझ्या धंद्यातलं सांगते, म्हणजे सगळ्यात जास्त होणारा त्रास कळेल. बाहेरची वस्तू आत गेली की शरीर तिच्याभोवती स्वतःचं एक अस्तर तयार करतं. हे प्रत्येकीच्या बाबतीत होतं, त्यात वावगं काही नाही. पण न भिजवता लावलेलं अस्तर पहिल्या धुण्यात आटलं की वरचं कापड कितीही चांगलं असलं तरी ब्लाऊज चुण्या पडून ओढलं जातं, तसंच इथे होतं. ते आतलं अस्तर आटतं, इम्प्लान्टला आवळतं, छाती घट्ट होते, वर चढते, वेडीवाकडी दिसते आणि दुखते. नंतर शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायचा असेल तर हा धोका बराच वाढतो. कॅन्सरच्या कित्येक बायकांना शेक लागतोच. त्यामुळे "मला शेक लागणार का?" हा प्रश्न इम्प्लान्ट ठरवायच्या आधीचा आहे, नंतरचा नाही.

आणि ही वस्तू जन्माची नाही. हे एक वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून दवाखान्याच्या भिंतीवर लावायला हवं. एफडीएनं २०११ मध्ये जो आढावा प्रसिद्ध केला, त्यात नुसती छाती वाढवून घेतलेल्या पाच जणींमागे एकीला आणि कॅन्सरनंतर बसवलेल्या दोघींमागे एकीला दहा वर्षांच्या आत ते काढावं लागू शकतं, असं म्हटलं होतं. म्हणजे कॅन्सरनंतरच्या निम्म्या बायका. मुलीच्या लग्नाचा, मुलाच्या कॉलेजचा खर्च जसा आधी हिशोबात धरतो, तसं दुसरं ऑपरेशन आधीच धरायला हवं. पंचविशीत बसवणाऱ्या पोरीनं तर दुसरं आणि तिसरंही.

मग येतो तो घाबरवणारा भाग, आणि तो नीट सांगायला हवा, कारण अर्धवट सांगितला की बायका नको तिथं घाबरतात. काही इम्प्लान्टचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, काहींचा खरखरीत. वस्तू आत सरकू नये, आटायचं प्रमाण कमी व्हावं, असा खरखरीत करण्यामागचा विचार होता. पुढे लक्षात आलं की अशा इम्प्लान्टभोवतीच्या अस्तरात क्वचित एक वेगळा कॅन्सर होतो. तो स्तनाचा नव्हे, तो रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या एका जातीचा लिम्फोमा. २०१९ च्या जुलैमध्ये अ‍ॅलर्गन कंपनीला आपले बायोसेल जातीचे खरखरीत इम्प्लान्ट जगभरातून मागे घ्यावे लागले. तोवर जगात असे ५७३ रुग्ण नोंदले गेले होते, त्यातले ४८१ याच कंपनीच्या इम्प्लान्टचे, आणि मृत्यू ३३. जगभरात लाखो बायकांच्या अंगात इम्प्लान्ट आहेत. त्या मानानं आकडा लहान आहे. त्रास काही नसेल तर असलं इम्प्लान्ट घाईनं काढून घ्या, असं एफडीएनंही सांगितलेलं नाही. लक्षण एकच पक्कं ध्यानात ठेवायचं: बसवून बरीच वर्षं झाल्यावर, बरेचदा सात-आठ वर्षांनी, एका बाजूला अचानक सूज येणं, आत पाणी साठणं. अशा वेळी 'वात असेल' म्हणून तेल चोळत बसू नये. सोनोग्राफी करायची, ते पाणी काढून तपासायला पाठवायचं. वेळेत सापडला तर इम्प्लान्ट आणि भोवतीचं अस्तर काढल्यावर बहुतेक बायका बऱ्या होतात.

काही बायकांना थकवा, सांधेदुखी, विसराळूपणा, अंगावर पुरळ असा त्रास होतो आणि काहींना इम्प्लान्ट काढल्यावर बरं वाटतं. याला नाव पडलंय, पण तपासून 'आहे' किंवा 'नाही' सांगेल अशी चाचणी नाही. याच वादापोटी अमेरिकेत १९९२ मध्ये जेलच्या इम्प्लान्टवर बंधन आलं, कोर्टकचेऱ्या झाल्या, डाऊ कॉर्निंग ही मोठी कंपनी दिवाळखोरीत गेली. १९९९ मध्ये तिथल्या तज्ज्ञांच्या समितीनं सांगितलं की सगळ्या अंगाच्या आजारांशी संबंध असल्याचा पुरावा सापडत नाही, मात्र जागेवरचे त्रास, म्हणजे आवळणं, फुटणं, पुन्हा ऑपरेशन, हे खरे आणि पुष्कळ आहेत. २००६ मध्ये बंधन उठलं. आणि २०२१ मध्ये त्याच एफडीएनं पुन्हा डब्यावर चौकटीतला इशारा सक्तीचा केला, शिवाय धोक्यांची यादी मुद्दा-मुद्दा वाचून बाईनं सही केल्याशिवाय इम्प्लान्ट बसवता येणार नाही असा नियम केला. म्हणजे बसवायला सुरुवात होऊन जवळपास साठ वर्षांनी. पहिली बाई टेक्सासमधल्या ह्यूस्टनची, टिमी जीन लिंडसे, १९६२ सालची. ती दवाखान्यात गेली होती अंगावरचं गोंदण काढायला. डॉक्टरांनी छातीचं विचारलं, तर ती म्हणाली, त्यापेक्षा माझे कान बाहेर आलेत ते आधी बसवा. शेवटी दोन्ही झालं. बाईला काय हवं आणि डॉक्टरला काय हवं यातली तफावत पहिल्या दिवसापासूनची आहे म्हणायची.

फ्रान्सची गोष्टही सांगायलाच हवी. पीआयपी नावाची कंपनी. तिच्या मालकानं, ज्याँ-क्लोद मास त्याचं नाव, औषधी सिलिकॉनऐवजी कारखान्यात वापरायचं स्वस्त सिलिकॉन भरून माल जगभर विकला. २०१० मध्ये हे उघडकीला आलं, २०१३ मध्ये त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. सुमारे तीन लाख बायकांच्या अंगात तो माल गेला होता. तपासून शिक्का देणारी जर्मन संस्था होती, कागद सगळे व्यवस्थित होते. फ्रेंच सरकारनं मग आपल्या देशातल्या तीस हजार बायकांना ते काढून घ्यायचा सल्ला दिला. कुणाच्या अंगात कुठला माल आहे हे जिथं कळलं, तिथंच त्या सल्ल्याचा उपयोग झाला.

इथं मी माझ्या मुख्य तक्रारीवर येते. उद्या आपल्याकडे असा एखादा माल खराब निघाला, तर शिरूर-दौंड तालुक्यात तो कुणाकुणाच्या अंगात आहे हे कोण सांगेल? कुणी नाही. याचा अनुभव महाराष्ट्रानं घेतलेला आहे, छातीचा नाही पण खुब्याचा. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू कंपनीचे एएसआर जातीचे खुब्याचे सांधे २०१० मध्ये जगभरातून मागे घेतले गेले. आपल्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनानं पुढच्या वर्षी कंपनीविरुद्ध गुन्हा नोंदवला, तेव्हा विषय हलला. देशात ते सांधे सुमारे ४,७०० जणांना बसवले होते. केंद्राच्या समितीनं शोध घेतला तेव्हा बहुतेकांचा पत्ताच लागला नाही. भरपाईचं सूत्र ठरलं २०१८ मध्ये. पण ज्याला आपल्या कमरेत काय आहे हेच माहीत नाही, तो भरपाई मागणार कशी?

नेदरलँड्समध्ये, इंग्लंडमध्ये, ऑस्ट्रेलियात छातीच्या इम्प्लान्टची नोंदवही आहे: कुणाला, कुठल्या दिवशी, कुठल्या नंबरचं बसवलं. आपल्याकडे अशी सक्तीची नोंदवही नाही. वैद्यकीय उपकरणांचे नियम २०१७ मध्ये झाले. उपकरणामुळे त्रास झाला तर कळवायची व्यवस्था, मटेरिओव्हिजिलन्स असं तिचं अवघड नाव, २०१५ पासून गाझियाबादच्या संस्थेतून चालते. तिचा फुकट फोन १८००-१८०-३०२४. मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक अशा बाईला विचारते, हा नंबर कुणी सांगितला होता का? अजून एकीनंही हो म्हटलेलं नाही. हृदयातल्या स्टेन्टची आणि गुडघ्याच्या सांध्याची किंमत सरकारनं २०१७ मध्ये बांधून दिली. छातीच्या इम्प्लान्टची बांधलेली नाही. चैनीची वस्तू समजत असावेत.

पैशावरून आठवलं. 'प्लास्टिक सर्जरी विम्यात बसत नाही' असं दवाखान्याच्या काऊंटरवर ठोकून सांगतात. विमा नियामकानं ठरवून दिलेल्या मजकुरात सौंदर्यासाठीची सर्जरी वगळलेली आहे हे खरं, पण त्याच वाक्यात पुढे अपघात, भाजणं किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना अपवाद म्हणून लिहिलेली आहे. म्हणजे कॅन्सरनंतर छाती उभी करून घेणं केवळ 'कॉस्मेटिक' म्हणून नाकारता येत नाही. पॉलिसीचा कागद काढून ते कलम दाखवा. महात्मा फुले योजनेतून उपचार चालू असतील तर दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला ऑपरेशनच्या आधी, लेखी विचारा.

आता त्या तरण्या पोरींबद्दल. त्यांना हसायला मला आवडत नाही. स्थळं पाहायला आलेली माणसं काय काय बोलून जातात ते मी पडद्याआड ऐकते. रांजणगावच्या एका कंपनीत कामाला असणारी बावीस-तेवीसची पोर परवा म्हणाली, "काकू, दोन ठिकाणांहून नकार आला. मावशी म्हणते, सपाट दिसतेस म्हणून." तिनं मोबाईलवर हप्ते किती पडतील ते काढून ठेवलं होतं. मी तिला ब्लाऊजला चांगले कप लावून दिले आणि एकेक विचारत गेले. पुढे बाळाला अंगावर पाजायचंय ना? बहुतेकींना इम्प्लान्टनंतरही जमतं, पण काहींचं दूध कमी पडतं, चीर कुठून घेतली यावर ते अवलंबून असतं. स्पर्श कमी होऊ शकतो, हे माहीत आहे का? पुढे कधी मॅमोग्राफी करायची वेळ आली तर इम्प्लान्ट मागचा भाग झाकतं, वेगळ्या कोनातून जादा फोटो काढावे लागतात, तंत्रज्ञाला आधी सांगावं लागतं. अमेरिकेत नुसतं वाढवून घेण्यासाठी सलाईनचं इम्प्लान्ट अठराच्या आत आणि जेलचं बाविसाच्या आत मान्य नाही, कारण त्या वयापर्यंत अंग भरत असतं. करणारा डॉक्टर प्लास्टिक सर्जरीचा एम.सीएच. किंवा डी.एन.बी. आहे का, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलला त्याची नोंद आहे का? यातलं काहीही त्या जाहिरातीत नव्हतं. तिनं काय ठरवायचं ते तिनं ठरवावं. मावशीनं ठरवू नये, जाहिरातीनं ठरवू नये, आणि मीही ठरवू नये.

तेलं, मलमं, गोळ्या यांच्याबद्दल मात्र मी ठरवून टाकलंय: घेऊ नका. औषध आणि जादुई उपाय यांच्या जाहिरातींचा १९५४ चा कायदा आहे. ज्या गोष्टींसाठी औषधाची जाहिरात करायला त्यात मनाई आहे, त्या यादीत स्त्रीच्या छातीचा आकार नाव घेऊन लिहिलेला आहे. तरीही पुणे-नगर रस्त्याच्या कडेला, एसटी स्टँडच्या भिंतींवर आणि मोबाईलमध्ये या जाहिराती सत्तर वर्षांनीही दिसतात. आणि सुईनं पातळ सिलिकॉन टोचून देणारे भेटतात, ते तर सगळ्यात वाईट. टोचलेलं सिलिकॉन पिशवीत नसतं; ते अंगात वाट फुटेल तिकडे जातं, फुप्फुसात गेलं तर जीव जातो, आणि परत काढता येत नाही. आपल्या तृतीयपंथी भगिनींना दवाखान्यात धड उभं केलं जात नाही, म्हणून त्यातल्या काही जणी अशांच्या हाती सापडतात. माझ्याकडे साडीवरचे ब्लाऊज शिवायला येणाऱ्या एकीनं मला हे रडत सांगितलं. त्यांच्यासाठी २०१९ चा कायदा आहे, शस्त्रक्रियांना विम्याचं संरक्षण द्यावं असं त्यात लिहिलेलं आहे. लिहिलेलं आहे.

खरं तर या सगळ्यातला उत्तम पर्याय म्हणजे छाती काढायची वेळच न येणं. गाठ लहान असताना सापडली तर बऱ्याच बायकांची नुसती गाठ काढून, वर शेक देऊन छाती वाचते, आणि जगण्याच्या शक्यतेत फरक पडत नाही. हे परदेशातल्या वीस-वीस वर्षांच्या अभ्यासांनी दाखवलंय. २०२२ मध्ये देशात स्तनाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण असल्याचा अंदाज होता. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलनं वस्तीतल्या दीड लाख बायकांवर वीस वर्षं अभ्यास केला, त्यात साध्या प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हातानं तपासलं. पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी झाले. यंत्र नाही, काही नाही, शिकवलेला हात. तीस वर्षांवरच्या बायकांची ही तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे, आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात. तो फॉर्म 'काही नाही, काही नाही' म्हणून भरून टाकू नका.

माझी मागणी मोठी नाही. इम्प्लान्ट बसवणाऱ्या प्रत्येक दवाखान्यानं बाईला मराठीत छापलेला एक कागद द्यावा. त्यात सगळे पर्याय असावेत: काहीच न करणं, बाहेरून पॅड, अंगातलं मांस, इम्प्लान्ट. त्यात लिहावं की ही वस्तू जन्माची नाही, दर किती वर्षांनी काय तपासायचं आणि सूज आली तर कुठं यायचं. तो घरी नेऊन वाचायला बाईला आठवडाभर मिळावा, आणि सही तिचीच असावी, मुलाची किंवा नवऱ्याची नव्हे. ऑपरेशननंतर कंपनीचं नाव, जात, आकार आणि नंबर लिहिलेलं कार्ड तिच्या हातात पडावं. आणि अन्न व औषध प्रशासनानं या नंबरांची नोंदवही राज्यात सुरू करावी. खुब्याच्या वेळी महाराष्ट्रानं पुढाकार घेतला होता, इथंही घेता येईल.

तोवर, ज्यांच्या अंगात आधीच बसवलेलं आहे त्यांच्यासाठी. इम्प्लान्टच्या डब्यावर नंबराचे स्टिकर असतात. त्यातला एक ऑपरेशनच्या कागदांना चिकटवलेला असतो. तुमच्याकडे कार्ड नसेल तर दवाखान्यात जाऊन त्या कागदांची प्रत मागा. मागितल्यापासून ७२ तासांत ती देणं डॉक्टरांच्या आचारसंहितेनं बंधनकारक आहे. मात्र भरती रुग्णांचे कागद जपून ठेवायची त्याच नियमांतली मुदत फक्त तीन वर्षांची आहे, त्यामुळे तीन वर्षं व्हायच्या आत मागा.